अंगणापलीकडच्या खोलीत वाय-फाय

पुसदसारख्या तालुक्याच्या गावी घरामागे गोदाम वा मुलांच्या अभ्यासाची खोली असते. घरातील वाय-फाय तिथवर पोहोचतेच असे नाही. जाड भिंतींत रेडिओलहरी क्षीण होतात, पत्र्यावरून परावर्तित होतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ५ गिगाहर्ट्झपेक्षा भिंतींतून अधिक पार जातात, एवढाच दिलासा. रिपीटर स्वस्त खरा. पण तो त्या खोलीतच ठेवणे व्यर्थ. मुळात क्षीण झालेला संकेत तो पुढे काय पाठवणार? खात्रीचा मार्ग केबलचा. तांब्याची इथरनेट केबल १०० मीटरपर्यंत चालते. पलीकडच्या टोकाला अॅक्सेस पॉइंट जोडावा. मात्र विदर्भात पावसाळ्याच्या तोंडावर विजा कोसळतात आणि तांब्यातून आलेला झटका दोन्हीकडची उपकरणे जाळू शकतो. म्हणून उघड्या अंगणातून धातूविरहित ऑप्टिकल फायबर नेणेच श्रेयस्कर.