हाली, कलदार आणि कवडी

आमच्या आजीच्या तोंडी एक वाक्य कायम असे, “हाली दे नाहीतर कलदार दे, पण खोटं देऊ नको.” लहानपणी मला त्यातलं काहीच कळत नसे. धाराशिव जिल्हा (तेव्हाचा उस्मानाबाद) १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचं स्वतःचं नाणं होतं, हाली सिक्का. हाली म्हणजे सध्याचं, चालू असलेलं. आपला रोजचा ‘हल्ली’ हा शब्द त्याच घरातला. शेजारचं सोलापूर, बार्शी इंग्रजी मुलखात, तिथं चाले तो कलदार. कळीवर, म्हणजे यंत्रावर पाडलेला रुपया. सात हाली रुपयांना सहा कलदार, असा साधारण भाव.

आमच्या भागातला शेतकरी माल घेऊन बार्शीच्या बाजाराला जायचा. वाटेत करोडगिरीचं नाकं, तिथं जकात. पट्टी कलदारात हाती पडायची आणि सारा मात्र हालीत भरायचा. त्यामुळे शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही सातास सहाचा हिशेब तोंडपाठ असे. ‘खणखणीत कलदार’ हा शब्दप्रयोग त्या काळचा. गंमत अशी, की ‘हाली’वरून खरेपणाची एकही म्हण आमच्या गावात मी ऐकली नाही!

कमी किमतीसाठी मात्र आपल्या भाषेत नाण्यांची रास पडली आहे. दमडी घ्या. अकबराच्या काळी रुपयाचे चाळीस दाम आणि दामाचा आठवा हिस्सा दमडी, म्हणजे रुपयाला ३२० दमड्या. छदाम तिच्याच कुळातली. इंग्रज लोकही नालायक वस्तूला ‘पितळी फार्दिंगच्या मोलाची नाही’ म्हणत. फार्दिंग म्हणजे त्यांच्या पेनीचा चौथा हिस्सा, ती १९६० अखेर बंद झाली. त्यांची ‘डॅम’ ही शिवीसुद्धा आपल्या दामावरून आली, असा तर्क ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात आहे. भाषेचे अभ्यासक तो मानत नाहीत. मलाही तो ओढूनताणून वाटतो, पण ऐकायला बरा वाटतो हे खरं.

नाणी गेली, शब्द राहिले. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, आणे-पै संपले. तरी आपण ‘सोळा आणे खरं’ म्हणतो आणि पैपैचा हिशेब मागतो.

हाली सिक्का १९५९ पर्यंत रेंगाळला आणि मग रद्द झाला. आजोबा १९५७ साली वारले. १९६२ मध्ये घर शाकारताना उतरंडीच्या तळच्या मडक्यात एक पुरचुंडी सापडली. आत अकरा चांदीचे हाली रुपये आणि दहाच्या चार हाली नोटा. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. धाकट्या आत्याचं लग्न ठरलेलं, हुंड्यासाठी जमीन गहाण टाकायची बोलणी चाललेली. चुलत्यांनी तालुक्याला जाऊन विचारलं. रुपये सोनारानं तोलून घेतले. चांदीला मोल होतं. नोटांना नव्हतं. तीन वर्षं आधी सापडल्या असत्या तर चौतीस रुपये आणि वर काही आणे आले असते. जमीन गहाण पडली ती पडलीच. सोडवायला अकरा वर्षं लागली.

आजी रडली नाही. “मेल्यानं मला सांगायचं तरी,” एवढंच म्हणाली. आजोबांना ती एरवी कधी अरेतुरे करत नसे.

आजी तुळजापूरच्या भवानीची आराधीण होती. नवरात्रात गळ्यात कवड्यांची माळ घालून, परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायची. कवडी म्हणजे मालदीवच्या समुद्रातून आलेला शिंपला, एके काळचं सर्वांत हलकं चलन. आपण ‘फुटकी कवडी’, ‘कवडीमोल’ म्हणतो ते तिलाच. आमच्या ज्वारीला भाव पडला की तीच कवडी. आणि आईच्या दारात तीच माळ पायात आलेली आजीला खपत नसे. जेवताना ती माळ काढून खुंटीला अडकवायची, मगच ताटावर बसायची.

त्या चार नोटा तिनं टाकल्या नाहीत. परडीच्या तळाशी, भंडाऱ्याखाली घडी करून ठेवल्या. त्यांवर हळदीचे डाग पडले आहेत, पण चारमिनार अजून ओळखू येतो.