न ओढलेल्या सिगारेटचा धूर

सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते १९५० साली ब्रिटन व अमेरिकेतील अभ्यासांनी ठळकपणे पुढे आणले. पण एक कोडे उरलेच. जन्मात कधी सिगारेट न ओढलेल्या अनेक स्त्रियांनाही हा रोग होत होता. तो कशामुळे?

उत्तराचा एक मोठा धागा जपानमध्ये सापडला. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील संशोधक ताकेशी हिरायामा यांनी १९६५ च्या अखेरीस २९ आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांतील चाळिशीपुढच्या सुमारे २ लाख ६५ हजार लोकांच्या सवयी नोंदवल्या. त्या काळी जपानमध्ये बहुसंख्य पुरुष सिगारेट ओढत, स्त्रिया मात्र फारच थोड्या. आरोग्याच्या दृष्टीने ही स्थिती वाईट, पण तुलनेसाठी सोयीची. सिगारेट न ओढणाऱ्या ९१,५४० पत्नी त्यांना या नोंदींत मिळाल्या. त्यांच्यातील मृत्यूंची नोंद १९६६ ते १९७९ अशी चौदा वर्षे ठेवली गेली.

निष्कर्ष जानेवारी १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. नवरा जितक्या जास्त सिगारेटी ओढणारा, तितका पत्नीला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक. नवरा रोज वीस किंवा त्याहून जास्त ओढत असेल, तर धोका सुमारे दुप्पट.

पण घरातली दुसरी एखादी गोष्ट याला कारण नसेल कशावरून? हा प्रश्न आपल्यालाही पडायला हवा. हिरायामांनी तो तपासला होता. नवऱ्याचे वय आणि व्यवसाय यांनुसार गट पाडले तरी चित्र तसेच राहिले. नवऱ्याच्या दारूचा पत्नीच्या या रोगाशी संबंध दिसला नाही. नवऱ्याच्या सिगारेटीमुळे पत्नीचा जठराच्या कर्करोगाचा धोकाही वाढलेला नव्हता. म्हणजे बोट नेमके धुराकडेच जात होते.

आणि धुराकडे पाहिले तर त्यात नवल नाही. झुरका घेताना सिगारेटचे टोक प्रखर जळते. दोन झुरक्यांच्या मधे ते कमी तापमानाला नुसते धुमसत राहते आणि ज्वलन अपुरे होते. या धुमसत्या टोकाच्या धुरात कित्येक विषारी द्रव्ये ओढल्या जाणाऱ्या धुरापेक्षा जास्त प्रमाणात असतात. खोलीत पसरतो तो मुख्यतः हाच धूर.

अमेरिकेतील तंबाखू कंपन्यांच्या संघटनेने हिरायामांच्या गणितात चूक असल्याचा गाजावाजा केला. पुढे खटल्यांमुळे कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे खुली झाली, तेव्हा हिरायामांचेच बरोबर असल्याचे त्यांच्या सल्लागारांनी त्यांना १९८१ मध्येच सांगितले होते, हे उघड झाले. सगळेच आक्षेप मात्र असे खोटे नव्हते. काही स्त्रिया आपली सवय लपवत असतील, ही शंका रास्त होती. म्हणूनच इतर देशांतही अभ्यास झाले. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने ते सारे एकत्र पाहिले. सिगारेट ओढणाऱ्याबरोबर राहिल्याने धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो, असे त्यात म्हटले आहे. आकडा हिरायामांच्या आकड्यापेक्षा लहान झाला, पण दिशा तीच राहिली. खिडक्या उघडल्याने किंवा वेगळी बसण्याची सोय केल्याने धोका पुरता टळत नाही, हेही त्या अहवालाने सांगितले.

आपल्याकडे मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, रेल्वे, बस अशा सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००३ मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सुधारित नियम लागू झाले.

शाळेच्या भिंतीवर ‘धूम्रपानास मनाई’ ही पाटी लागते ती याच कायद्यामुळे. हिरायामांनी ज्या स्त्रियांची नोंद ठेवली, त्यांना धूर मिळाला तो मात्र घरात. तिथे हा कायदा पोचत नाही. तिथे पोचतात ती आपली मुले. म्हणून वर्गात केवळ ‘धूम्रपान वाईट’ एवढे न सांगता हा अभ्यास मुलांपुढे मांडू या. दारूचा आणि जठराच्या कर्करोगाचा हिशेब हिरायामांनी का पाहिला, हे त्यांनाच विचारू या. ज्या मुलाला याचे उत्तर सापडेल, ते घरी वडिलांना किंवा आजोबांना विडी अंगणात जाऊन ओढा, असे सांगताना कारणही सांगू शकेल.