ठिगळ आणि किल्ली

‘पॅच’ हा शब्द आता इतका रुळला आहे, की त्याचा साधा अर्थ ठिगळ हे आपण विसरून गेलो. लालबाग-परळच्या घरांत ठिगळाची कोणाला लाज नव्हती. दिवसभर गिरणीत कापड विणणाऱ्याच्याच सदऱ्याला कोपरावर ठिगळ असायचं. संगणकाचं ठिगळही एके काळी हाताने डकवायचं असे. यंत्राला आज्ञा द्यायच्या त्या कागदी फितीवर भोकं पाडून. भोक चुकलं की त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा, नाहीतर फितीचा तेवढा भाग कापून नवा जोडायचा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक याच पिढीतला. त्यात २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या, आणि स्मरणशक्ती किती, तर २,०४८ शब्द! १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नामकरण केलं.

त्या काळी यंत्राची राखण सोपी होती. खोलीला कुलूप लावलं की झालं. खरी पंचाईत पुढे झाली, एकाच यंत्रावर अनेकजण एकाच वेळी काम करू लागले तेव्हा. म्हणजे बंगल्याची चाळ झाली. आता प्रत्येकाला स्वतःची खोली हवी आणि स्वतःची कडी हवी. सगळ्या खोल्या उघडू शकेल असा एक मालकही हवा. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घडवायला घेतली. तिच्यात या मालकाला नाव मिळालं ‘रूट’. रूटला काहीही वर्ज्य नाही. तो कोणाचीही फाइल वाचतो, बदलतो, पुसतो.

आपल्याकडे १९८४ साली रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाची दिशा आखून दिली आणि हळूहळू शाखांमध्ये यंत्रं येऊ लागली. युनियनचा विरोध, बैठका, करार हा सगळा वेगळ्या भाषणाचा विषय आहे. मी दादरच्या एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात तीसेक वर्षं काढली. युनिक्स मला तिथेच भेटलं, आणि भेटताक्षणी ओळखीचं वाटलं. याचं कारण असं, की रूटचा पासवर्ड आमच्याकडे सीलबंद पाकिटात, दोन अधिकाऱ्यांच्या सह्यांनिशी तिजोरीत असे. स्ट्राँगरूमच्या किल्ल्या जशा जॉइंट कस्टडीत, अगदी तसाच. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची, हे बँकेत संगणकाच्या कितीतरी आधीपासून होतं.

पण एक अडचण बघा. मला स्वतःचा पासवर्ड बदलायचा आहे. तो ज्या फाइलमध्ये आहे, त्या फाइलवर लिहिण्याचा अधिकार फक्त रूटला. मग दर वेळी पाकीट फोडायचं का? रिचीने यावर जो तोडगा काढला तो आपल्या काउंटरसारखा आहे. गिऱ्हाईक लेजरला हात लावत नाही. तो स्लिप भरतो, खिडकीतून आत सरकवतो, आणि कारकून त्याच्या वतीने नोंद करतो. तसे काही मोजके प्रोग्राम मालकाचा अधिकार अंगावर घेऊन चालतात, मग त्यांना बोलावणारा कोणीही असो. या कल्पनेला १९७९ साली अमेरिकेत पेटंट मिळालं आणि पुढे ते सर्वांसाठी खुलं करण्यात आलं. तीन अक्षरांत सांगता येईल इतकी छोटी युक्ती, पण गेल्या पन्नास वर्षांतल्या कितीतरी घरफोड्या याच खिडकीतून झाल्या आहेत. कारकुनाला गोंधळात पाडलं, की गिऱ्हाईकच मालक होतो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ‘पीकेएक्झेक’ नावाच्या प्रोग्रामचं. लिनक्सच्या बहुतेक सर्व्हरवर हा कारकून २००९ पासून खिडकीत बसला होता. त्याच्याकडे कागदांची चळत येते. वर गिऱ्हाइकाची स्लिप, तिच्याखाली इतर सूचनांच्या चिठ्ठ्या. स्लिपच्या पहिल्या ओळीवर प्रोग्रामचं नाव असतं, दुसऱ्या ओळीवर काम. नाव तर असणारच, असं धरून कारकून थेट दुसऱ्या ओळीपासून वाचू लागतो. आता कोणी साफ कोरी स्लिप दिली तर? एकही ओळ नसलेली? मग त्याची नजर घसरते ती खालच्या चिठ्ठीवर. तीच तो काम समजून वाचतो, आणि वरताण म्हणजे तिच्यावर स्वतःच्या हाताने लिहितोही! खालच्या चिठ्ठ्यांतल्या धोकादायक सूचना दारावरच्या पहारेकऱ्याने आधीच काढून घेतलेल्या असतात. पण कारकुनानेच आतून नवी सूचना लिहिली, तर पहारेकरी काय करणार? ती सूचना पाळता पाळता चोराचा प्रोग्राम मालकाच्या अधिकाराने चालतो.

क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी हे २५ जानेवारी २०२२ रोजी जाहीर केलं. आपल्याकडे तेव्हा रात्र झाली होती आणि दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. आदल्या वर्षीच्या जानेवारीत असाच धक्का ‘सुडो’ या प्रोग्रामने दिला होता. त्यातली चूक २०११ पासून तशीच पडून होती. त्यामुळे आमची तालीम झाली होती म्हणा.

ठिगळ किती मोठं होतं? स्लिप कोरी असेल तर परत पाठव, एवढंच. तेही हाती येईपर्यंत एक आज्ञा देऊन कारकुनाचा अधिकार काढून घेतला, की धोका टळत होता. पण बँकेचा सर्व्हर म्हणजे घरचा संगणक नव्हे. शाखा बंद असल्या तरी एटीएम चालू, यूपीआय चालू. रात्रीचं डे-एंड आटोपल्याशिवाय मुख्य यंत्राला हात लावायचा नाही. आधी अधिकार काढायचा, मग चाचणीच्या यंत्रावर ठिगळ लावायचं, व्याजाचा हिशेब जुन्या आकड्यांशी ताडून बघायचा, मग मुख्य यंत्र. आमच्यातला एक वसईहून शेवटच्या गाडीने दादरला आला, एकाने घरूनच डबा आणला. सव्वीस तारखेला सकाळी हिंदू कॉलनीतल्या शाळेतून झेंडावंदनाचा बँड ऐकू येत होता, आणि आम्ही अजून आकडे ताडत होतो.

बाहेरच्या माणसाला ही सावधगिरी भित्रेपणाची वाटते. तिच्यामागे इतिहास आहे. २०१६ साली गाजलेली ‘डर्टी काऊ’ ही लिनक्सच्या गाभ्यातली चूक घ्या. ती दुरुस्त करण्याचा प्रयत्न खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी अकरा वर्षं आधी, २००५ साली केला होता. पण त्या ठिगळाने आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर अडचणी येऊ लागल्या आणि ते उसवून काढावं लागलं. चूक तशीच राहिली, ती कोणीतरी वापरत असल्याचं उघडकीला येईपर्यंत.

आणि उशीर केला तर काय होतं, तेही मुंबईने पाहिलं आहे. भाऊच्या धक्क्यावरून समोर पाहिलं, की खाडीपलीकडे न्हावाशेवाच्या क्रेन दिसतात. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम युक्रेनमधून निघाला आणि तिथल्या जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम त्याने ठप्प केलं. कंटेनर साचले. विंडोजमधल्या ज्या चुकीचा त्याने फायदा घेतला, तिचं ठिगळ मार्चमध्येच, म्हणजे तीन महिन्यांहून आधी निघालं होतं. तरी माझ्या मते खरा धडा वेगळाच आहे. ज्या यंत्रांना ठिगळ लावलेलं होतं, तीसुद्धा पडली. कारण एका यंत्रात शिरल्यावर हा प्रोग्राम त्याच्या स्मृतीत पडलेले अधिकाऱ्यांचे पासवर्ड उचलत होता आणि त्यांच्याच नावाने शेजारच्या दारातून आत जात होता. चाळीत एका बिऱ्हाडाने कडी लावली नाही आणि त्या घरात इतर घरांच्या किल्ल्या खुंटीला टांगलेल्या असतील, तर बाकीच्या कड्यांचा काय उपयोग? मर्स्कला त्या वेळी चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीने तोटा सांगितला तो पंचवीस ते तीस कोटी डॉलर. घानामधल्या कार्यालयातलं एक यंत्र तेवढं वाचलं, कारण तिथली वीज गेली होती! जगभरातल्या खात्यांची शाबूत यादी तेवढ्या एका यंत्रात उरली होती.

पीकेएक्झेकच्या गोष्टीला एक शेपूट आहे. कोरी स्लिप धोक्याची ठरू शकते, हे एका प्रोग्रामरने २०१३ सालीच जाहीरपणे लिहिलं होतं, आणि पीकेएक्झेककडेच बोट दाखवलं होतं. पण प्रत्यक्ष घरफोडी कशी करता येईल ते त्याला सापडलं नाही, आणि ज्यातून चोरी होत नाही त्या फटीकडे कोण बघतो? नऊ वर्षांनी सगळे जागे झाले तेव्हा लिनक्सच्या गाभ्यातच बदल करण्यात आला. मे २०२२ मध्ये आलेल्या ५.१८ या आवृत्तीपासून साफ कोरी स्लिप कोणत्याच खिडकीपर्यंत पोहोचत नाही. वाटेतच तिच्यावर एक रिकामी ओळ आखली जाते.