'ती फुलराणी' आणि खानदेश : रूपांतरित विनोदाचा विचार

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन' १९१४ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले. १९५६ मध्ये अमेरिकेत त्याचे 'माय फेअर लेडी' हे संगीतक झाले आणि शॉ यांनी हेतुपुरस्सर नाकारलेल्या प्रेममीलनाची सूचना त्यात अवतरली. पु. ल. देशपांडे यांची 'ती फुलराणी' १९७५ मधील. शीर्षकाचे ऋण मात्र खानदेशाचे : धरणगावी १८९० मध्ये जन्मलेल्या बालकवींच्या कवितेतील कोवळ्या कळीची जागा येथे फुले विकणाऱ्या मंजुळेने घेतली.

लंडनच्या कष्टकरी वस्तीतील उच्चार मराठीत उतरणे अशक्यच. पु. लं.नी त्यांच्या जागी शुद्ध-अशुद्धाचा आपला जुना वाद उभा केला. मराठीत उच्चारांवरून वर्गाबरोबर जातही ताडली जाते. त्यामुळे मूळ विनोदाला अधिक धार आली. घरी अहिराणी वा लेवा बोली आणि वर्गात प्रमाण मराठी, अशा दुभंगात वाढलेल्या धुळे-जळगावच्या प्रेक्षकाला भक्ती बर्वे यांची मंजुळा हसवता हसवता बोचलीही असावी. (बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली, ती त्यांच्या घरच्या बोलीतच, त्यासाठी कोणा प्राध्यापक जहागीरदाराची शिकवणी लागली नव्हती.)