दगडाची साक्ष

चार्ल्स टेझ रसेल (१८५२–१९१६) यांनी १८९१च्या आपल्या ग्रंथात बायबलच्या कालगणनेसाठी गिझाच्या महापिरॅमिडची साक्ष काढली. आतील मार्गाचा एक इंच म्हणजे एक वर्ष, हे सूत्र. आरंभीच्या आवृत्तीत तळघरापर्यंतचे अंतर ३४१६ इंच होते, इ.स.पूर्व १५४२पासून मोजता १८७४ साल येई. पुढील आवृत्तीत तेच अंतर ३४५७ इंच झाले आणि साल आले १९१५! बायबल हाच मुख्य आधार, पिरॅमिड केवळ दुजोरा, असा रसेल यांचा पक्ष. मान्य, पण पक्षकाराच्या सोयीने जबानी बदलणाऱ्या साक्षीदाराचा दुजोरा कसला? १९२८मध्ये, रसेल यांच्यानंतर संस्थेची धुरा वाहणाऱ्या रदरफोर्ड यांच्या काळात, हाच पिरॅमिड सैतानाची करणी ठरला. संहितेकडून हवा तो अर्थ वदवून घेणाऱ्या टीकाकारांनी हे प्रकरण अवश्य ध्यानात ठेवावे.