प्रश्न विचारणारा शेतकरी: पुण्याच्या रेडिओ मंडळांपासून चॅटबॉटपर्यंत

१/ फेब्रुवारी १९५६. तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत आठवड्यातून दोनदा संध्याकाळी एक मंडळ जमू लागले. मध्ये रेडिओ, भोवती पंधरा-वीस गावकरी. अर्धा तास पुणे केंद्राचा मराठी कार्यक्रम ऐकायचा आणि तो संपल्यावर चर्चेला बसायचे. आज शेतकऱ्याच्या मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा चॅटबॉट आला आहे. त्याचे मोल जोखायचे, तर या मंडळांचा इतिहास ठाऊक हवा. त्यासाठी हा धागा.

२/ प्रथम थोडे मागे जाऊ. शेतकऱ्याला सल्ला देण्याच्या प्रत्येक योजनेमागे एक गृहीतक दडलेले असते: त्याला काही कळत नाही. १८८९ साली ब्रिटिश सरकारने जॉन ऑगस्टस व्होल्कर या कृषिरसायनज्ञाला भारतीय शेतीची पाहणी करण्यासाठी पाठवले. १८९३ च्या आपल्या अहवालात त्याने उलटाच निर्वाळा दिला. इथला रयत सामान्य इंग्रज शेतकऱ्याइतकाच कुशल आहे, काही बाबतींत सरसही आहे. उणीव आहे ती पाणी, खत अशा साधनांची.

३/ त्याच दशकात, १८८३ मध्ये, महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. शेतकऱ्याच्या अज्ञानाविषयी त्यांनी परखडपणे लिहिले; पण त्या अज्ञानाशेजारी सावकारी पाश आणि नोकरशाहीची लूटही मांडली. उपाय सुचवताना त्यांनी शिक्षणाबरोबर बांधबंदिस्ती, तलाव, प्रदर्शने आणि बक्षिसे यांचीही मागणी केली. ज्ञान आणि साधन यांची फारकत करू नये, हा धडा तेव्हाच नोंदला गेला होता.

४/ पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास केला. तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १७७१ च्या सुमारास तेथे सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते. १९१५ पर्यंत ते ७ एकरांवर आले होते. आज संपूर्ण देशाची सरासरी १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांच्या आत आहे (कृषिगणना २०१५-१६). ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरांखालचे आहेत. जमीन जितकी लहान, तितकी एका चुकीच्या फवारणीची किंमत मोठी.

५/ स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गावोगाव ग्रामसेवक पोहोचला. कल्पना उदात्त होती. गणित मात्र अवघड होते. एका माणसाकडे साधारण दहा गावे, आणि कामे शेतीपासून आरोग्य, रस्ते, साक्षरतेपर्यंत सगळी. प्रत्येकाच्या बांधावर तो जाणार कधी? म्हणून आवाज दूर नेणारे साधन शोधले गेले: रेडिओ.

६/ युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुण्यात जो प्रयोग केला, त्याचा नमुना कॅनडाचा होता. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांची श्रवणमंडळे चालत होती. पुण्याच्या प्रयोगात दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. मंडळात एक निमंत्रक असे, एक चिटणीस असे. चर्चेचा वृत्तान्त आणि न सुटलेले प्रश्न पुणे केंद्राकडे धाडले जात आणि पुढील प्रसारणात त्यांची उत्तरे मिळत. रेडिओ बोलत होता, तसा ऐकतही होता.

७/ प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरॅथ यांच्या देखरेखीखाली झाले. तुलना तीन प्रकारच्या गावांची होती: मंडळ असलेली, रेडिओ असूनही मंडळ नसलेली आणि रेडिओच नसलेली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती लक्षणीय वाढली. मंडळाविना नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती जेमतेम वाढली.

८/ हा निष्कर्ष नीट वाचावा. कार्यक्रम तोच, आवाज तोच, भाषा तीच. फरक पडला तो ऐकल्यानंतर शेजाऱ्याशी वाद घालण्याने. ‘हे आपल्या मुरमाड रानात चालेल का?’ हा प्रश्न चारचौघांत विचारला गेला की माहितीचा निर्णय होतो. पुढे १९५९ पासून ही मंडळे देशभर नेण्यात आली. विस्तार झाला, पण पुण्यातील प्रश्नोत्तरांची ती काटेकोर निगराणी सर्वत्र राखणे शक्य झाले नाही आणि हळूहळू ती ओसरली.

९/ १९७० च्या दशकात जागतिक बँकेच्या पाठबळाने डॅनियल बेनॉर यांची ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धत आली. कृषी सहायकाने ठरलेल्या पंधरवड्याला, ठरलेल्या गावी, निवडक ‘संपर्क शेतकऱ्यांना’ भेटायचे; त्यांनी ते ज्ञान इतरांना द्यायचे. शिस्त आली, पण संपर्कासाठी निवडले गेले ते बहुधा गावातील सुस्थितीतले शेतकरी. पाझर खालपर्यंत पोहोचेना. खर्चही मोठा होता. १९९० च्या दशकात ही व्यवस्था मावळली.

१०/ मग शेतकरी सल्ला घेत होता कोणाकडून? २००३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने याचे उत्तर दिले. कोणत्याही स्रोताकडून आधुनिक शेतीची माहिती मिळवणारी कुटुंबे होती ४० टक्के. त्यांत प्रगतशील शेतकऱ्याकडून १६.७, निविष्ठा विक्रेत्याकडून १३.१ आणि रेडिओवरून १३ टक्के कुटुंबांना माहिती मिळत होती. सरकारी विस्तार कर्मचाऱ्याचा वाटा? ५.७ टक्के. सल्लागाराची रिकामी खुर्ची दुकानदाराने भरली होती.

११/ त्या रिकाम्या खुर्चीची किंमत २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्याने मोजली. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. उंच वाढलेली कपाशी, संरक्षक साधनांचा अभाव, कीटकनाशकांची मिश्रणे अशी अनेक कारणे पुढे आली. ‘कोणते औषध, किती, कशात मिसळून’ या प्रश्नाला विश्वासार्ह उत्तर मिळणे हा जीवनमरणाचा विषय असतो, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

१२/ दरम्यान २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू झाले होते. निःशुल्क दूरध्वनी, स्थानिक भाषा आणि पलीकडे कृषी पदवीधर. पुण्याच्या मंडळांनंतर प्रथमच शेतकऱ्याचा प्रश्न इतक्या मोठ्या प्रमाणावर नोंदला जाऊ लागला. हवामान आणि कीड-रोग यांविषयीच्या प्रश्नांचे त्यांत मोठे प्रमाण आहे. या नोंदी पुढे सरकारच्या खुल्या विदा-संकेतस्थळावर आल्या आणि संशोधकांनी शेतीच्या चॅटबॉटसाठी त्या वापरल्या. यंत्राचे शिक्षण असे शेतकऱ्यांच्याच प्रश्नांवर झाले.

१३/ दुसरी वाट बंगळुरूच्या एका संशोधनशाळेतून २००६ मध्ये निघाली: डिजिटल ग्रीन. परिसरातील शेतकऱ्यांनाच चित्रफितीत घ्यायचे, गावात ती दाखवायची आणि मध्येच थांबवून चर्चा घडवायची. १६ गावांतील तेरा महिन्यांच्या चाचणीत, जुन्या ‘प्रशिक्षण व भेट’ धर्तीच्या तुलनेत काही पद्धतींचा स्वीकार सातपट आढळला. चित्रफीत थांबवून बोलायला लावणारा गावातला माणूस, हाच पुन्हा कळीचा घटक. पुणे १९५६ आठवावे.

१४/ याच संस्थेने २०२३ पासून ‘फार्मर चॅट’ हा चॅटबॉट भारत, केनिया, इथिओपिया आणि नायजेरियात आणला. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारचा ‘किसान ई-मित्र’ आला. त्याचे मूळ काम ‘पीएम-किसानचा हप्ता का आला नाही?’ या प्रश्नाचे उत्तर देणे. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ‘महाअॅग्री-एआय’ धोरणास मान्यता दिली.

१५/ यंत्र चालते कसे? शेतकरी बोलतो, आवाजाचे अक्षरांत रूपांतर होते. मग विद्यापीठांच्या शिफारशींसारख्या तपासलेल्या साठ्यातून जुळणारे उतारे शोधले जातात आणि त्यांच्या आधारे भाषा-प्रारूप उत्तर रचते. साठा नसेल, तर प्रारूप आपल्या सामान्य वाचनावर विसंबते. ते सफाईने बोलते. खरेच बोलेल याची हमी नसते.

१६/ खरी परीक्षा बोलीत आहे. विदर्भातला शेतकरी म्हणतो, ‘कपाशीवर लाल्या आला.’ पाने लाल होण्यामागे मॅग्नेशियमची कमतरता असू शकते, साचलेले पाणी असू शकते, तुडतुडेही असू शकतात. उपाय प्रत्येकाचा निराळा. जाणता कृषी सहायक आधी चार उलट प्रश्न विचारतो, पान पालथे करून पाहतो. एकदम औषधाचे नाव सांगणारा चॅटबॉट दुकानदाराचीच गादी चालवतो.

१७/ मापाचेही तसेच. शिफारस हेक्टरी असते. शेतकरी ‘पंपाला किती?’ असे विचारतो. समजा, हेक्टरी ५०० लिटर पाण्यात ५०० मिलि औषध सांगितले आहे. म्हणजे लिटरला १ मिलि, १५ लिटरच्या पंपाला १५ मिलि. या हिशेबात यंत्राचे एक शून्य चुकले की १५० होतात. दुकानदार चुकला तर गावात त्याला जाब विचारता येतो. यंत्र चुकले तर जाब कोणाला विचारायचा? हे आधी ठरवून मगच ते शेतकऱ्याच्या हाती द्यायला हवे.

१८/ तरीही या साधनाला हिणवू नये. रात्री दहाला, कोणाच्याही वेळेची वाट न पाहता, अक्षरओळख नसलेल्या माणसालाही आपल्या आवाजात प्रश्न विचारता यावा, ही सोय यापूर्वीच्या कोणत्याच व्यवस्थेने दिली नव्हती. पाच-सात गावांत विभागलेल्या कृषी सहायकालाही ते हाताशी हवे.

१९/ इतिहासावरून तीन कसोट्या निघतात. उत्तर कोठून आले, हे यंत्र सांगते का? उत्तर ठाऊक नसता ते माणसाकडे पाठवते का? आणि न सुटलेला प्रश्न कृषी विद्यापीठापर्यंत परत जातो का? पुण्याच्या मंडळांचा चिटणीस हेच तिसरे काम कागद-पेन्सिलीने करत होता.

२०/ आपल्या गावी असे रेडिओ मंडळ होते का? घरातल्या ज्येष्ठांना अवश्य विचारावे. कोणाच्या जुन्या ट्रंकेत त्या चर्चांची एखादी वही सापडली, तर ती जपून ठेवावी. आपले आजोबा काय विचारत होते, हे तीत लिहिलेले असेल.

(धागा समाप्त)