काचधडक, पक्ष्यांची

उडणारा पक्षी खिडकीच्या काचेवर आदळून जखमी होणे किंवा मरणे. ही घटना घरच्या साध्या साहित्याने बऱ्याच अंशी टाळता येते.

कारणे : काच हा अडथळा आहे, हे पक्ष्याला कळत नाही. तिच्यात उमटलेले झाड आणि आभाळ त्याला खरे वाटते व तो पूर्ण वेगाने तिकडे झेपावतो. समोरासमोर खिडक्या असल्या की पलीकडचा उजेड त्याला मोकळी वाट भासतो.

परभणी जिल्ह्यातील जुन्या वाड्यांच्या खिडक्या लहान, गजांच्या आणि लाकडी झडपांच्या. आता परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड येथे सरकत्या खिडक्या आल्या आणि ऊन परतवणाऱ्या आरशासारख्या काचाही. अंगणातल्या कडुलिंब-जास्वंदीवर येणारे बुलबुल, सूर्यपक्षी, होले यांना त्यांचा धोका असतो. पावसाळ्याच्या तोंडावर येणारा नवरंग रात्री प्रवास करतो. दिव्यांनी भरकटून तो इमारतींवर आदळतो. विणीच्या काळात दयाळ काचेतील स्वतःलाच प्रतिस्पर्धी समजून चोची मारतो, मात्र ती धडक नव्हे.

व्याप्ती : अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ डॅनियल क्लेम यांनी १९७० च्या दशकात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. २०१४ मधील एका अभ्यासाने त्या देशात दरवर्षी ३६.५ ते ९८.८ कोटी पक्षी असे मरतात, असा अंदाज मांडला. त्यांतील सुमारे ४४ टक्के मृत्यू एक ते तीन मजली घरांवर होतात.

५ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोतील मॅककॉर्मिक प्लेस या एकाच इमारतीवर आदळून जवळपास १,००० पक्षी मेले. २०२४ मध्ये तिच्या काचांना ठिपक्यांची फिल्म लावली. त्या वर्षीच्या शरदातील स्थलांतरात मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले.

उपाय : खुणा काचेच्या बाहेरच्या बाजूने कराव्यात, आतून केलेल्या खुणा प्रतिबिंबाखाली झाकल्या जातात. ठिपके किंवा रेघा आडव्या-उभ्या ५ सेंमी. अंतराने हव्यात, कारण त्याहून मोठ्या मोकळ्या जागेतून लहान पक्षी शिरू पाहतो. म्हणूनच पक्ष्यांना घाबरवण्यासाठी काचेवर लावलेल्या ससाण्याच्या एखाद्या चित्राचा उपयोग होत नाही. साबणाच्या वडीने ओढलेल्या रेघा चालतात, पण पावसानंतर पुन्हा ओढाव्या लागतात. बाहेरून सोडलेल्या दोऱ्या मात्र सुमारे १० सेंमी. अंतरानेही चालतात आणि टिकतात. डासांची जाळी बाहेरून बसवली तर प्रतिबिंब मंदावते आणि धडकेचा जोरही कमी होतो.

उन्हाळ्यात पाण्याचे परळ खिडकीपासून १ मीटरच्या आत किंवा १० मीटरपलीकडे ठेवावे. अगदी जवळून उडालेल्या पक्ष्याला घातक वेग गाठता येत नाही. स्थलांतराच्या दिवसांत रात्री बाहेरचे अनावश्यक दिवे बंद ठेवावेत.

प्रथमोपचार : बधिर पक्ष्याला हवेची छिद्रे असलेल्या खोक्यात, अंधारात व शांत जागी ठेवावे. चोचीत पाणी किंवा अन्न घालू नये. तास-दोन तासांत सावरला तर सापडला त्याच परिसरात सोडून द्यावा. रानपक्षी पाळणे कायद्याने गुन्हा आहे. पंख लोंबत असल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे किंवा परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात विचारणा करावी.